किमतींतील चूक आणि गिऱ्हाइकाचा हक्क

रात्रीं घरीं बसून मनुष्य ऑनलाइन दुकानांत एखादी वस्तु पाहतो. वीस-पंचवीस हजारांची वस्तु कांहीं शेंकड्यांत मिळते आहे असें त्याला दिसतें. तो मागणी नोंदवितो, पैसे भरतो, आणि क्षणार्धांत ‘आपली मागणी निश्चित झाली आहे’ असा निरोप त्याच्या हातीं पडतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुसरा निरोप येतो : किंमत चुकून पडली होती, सबब मागणी रद्द करण्यांत आली आहे, पैसे परत मिळतील. श्रोत्यांपैकीं पुष्कळांना हा अनुभव प्रत्यक्ष आला असेल, निदान ऐकून तरी ठाऊक असेल. पहिला निरोप हा करार होता कीं नव्हता, आणि करार असेल तर तो मोडण्याचा अधिकार दुकानदाराला कोणीं दिला, हा प्रश्न अशा वेळीं मनांत उभा राहतो. संगणकामुळें तो नवा वाटतो. वस्तुतः संगणकाच्या पूर्वीं शेंकडों वर्षें स्मृतिकारांनीं आणि न्यायाधीशांनीं त्याचा विचार केलेला आहे. तो विचार कोणकोणत्या वळणांनीं आजच्या ठिकाणीं येऊन पोंचला हें पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हक्काची मर्यादा नीट समजत नाहीं.

किंमत चुकण्यासाठीं ती आधीं ठरलेली असावी लागते. आठवड्याच्या बाजारांत घासाघीस करून जो भाव पटतो, त्यांत अशी चूक राहण्यास फारसा वाव नाहीं. विकणारा चुकून ‘दहा’ म्हणाला तर घेणाऱ्यानें ‘दिले’ म्हणण्याच्या आंत तो जीभ चावून ‘शंभर’ म्हणतो, आणि भांडण तेथेंच मिटतें. तथापि सौदा पुरा झाल्यावर होणारा पस्तावा अगदीं जुना आहे. आपल्याकडील धर्मशास्त्रानें त्याला ‘अनुशय’ असें नांव दिलें असून ‘क्रयविक्रयानुशय’ हें मनुस्मृतींतील अठरा व्यवहारपदांपैकीं एक स्वतंत्र पद आहे. विकत घेऊन किंवा विकून ज्याला पस्तावा होईल त्यानें दहा दिवसांच्या आंत वस्तु परत द्यावी किंवा घ्यावी, अशी मनूची व्यवस्था. कौटिल्य याहून व्यवहारी. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत त्यानें व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन रात्री आणि गुराख्यांना पांच रात्री अशी मुदत ठरवून दिली. ज्याचा धंदाच खरेदीविक्रीचा, त्याला सर्वांत थोडी मुदत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. माल विकून तो ताब्यांत न देणाऱ्या विक्रेत्याला त्यानें बारा पण दंड सांगितला. मात्र तीन अपवाद केले. मालांत दोष असणें हा एक. राजा, चोर, अग्नि, पाणी यांपासून आलेली आपत्ति हा दुसरा. आणि ‘अविषह्य’, म्हणजे सहन होण्याजोगा नाहीं असा सौदा, हा तिसरा. पीडित मनुष्यानें केलेला व्यवहार या तिसऱ्या सदरांत पडतो. हिशेबाची चूक कौटिल्यानें नांवानें सांगितलेली नाहीं, आणि त्याच्या वाक्यांत ती ओढूनताणून बसविणेंही बरें नव्हे. परंतु विक्रेत्यालाही कांहीं प्रसंगीं सुटका असावी आणि ती मागण्यास त्यानें उशीर करूं नये, हे दोन विचार तेथें शेजारीं शेजारीं आढळतात.

रोमन कायद्यांत सम्राट डायोक्लीशनच्या नांवावर इ. स. २८५ चा एक निर्णय सांपडतो. जमीन योग्य किमतीच्या निम्म्याहूनही कमी भावानें विकली गेली असल्यास विकणाऱ्याला ती परत मागतां येई. मात्र उणी पडलेली किंमत भरून देऊन सौदा टिकविण्याची मुभा घेणाऱ्याला असे. या नियमाची दृष्टि वस्तूच्या मोलावर होती. युरोपखंडांतील कायद्यांत तिची छाया पुढें कित्येक शतकें राहिली.

इंग्लिश न्यायालयांनीं निराळी वाट धरली. वस्तूचें खरें मोल काय हें ठरविण्याच्या भानगडींत तीं सहसा पडलीं नाहींत. अविचारानें कमी भावाला विकणाऱ्याची कींव करणें हें न्यायाधीशाचें काम आहे असें त्यांना वाटलें नाहीं. त्यांनीं पाहिलें तें इतकेंच कीं, एकानें काय लिहिलें आणि तें वाचतांना दुसऱ्याला काय कळलें. १८६१ सालचा वेब्स्टर विरुद्ध सेसिल हा खटला या दृष्टीनें फार बोलका आहे. जमिनीसाठीं २,००० पौंड देऊं करणाऱ्या गृहस्थाला मालकानें नकार दिला होता. पुढें त्याच मालकानें पत्र लिहितांना २,२५० ऐवजीं १,२५० हा आंकडा लिहिला. घेणाऱ्यानें उलट टपालीं स्वीकार कळविला. मालकाला चूक ध्यानांत येतांच त्यानें तशी सूचना दिली. तरीही घेणारा हट्टाला पेटून न्यायालयांत गेला. लॉर्ड रोमिली यांनीं त्याला जमीन देवविण्याचें नाकारलें. दोन हजार नाकारणारा मनुष्य साडेबाराशांना जमीन देईल, असें त्या गृहस्थाला खरोखर वाटलें असेल हें कोणाला पटणार?

याच सुमारास बाजाराचें स्वरूप पालटत होतें. सतराव्या शतकांत इंग्लंडांतील क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनीं घासाघीस हा खोटेपणाचा प्रकार मानून एकच भाव सांगण्याचा प्रघात पाडला. एकोणिसाव्या शतकांत मोठमोठ्या दुकानांनीं तो उचलला, आणि छापील सूचिपत्रांनीं तो घरोघर नेला. हिंदुस्थानांत १८७७ साली टपालखात्यानें व्ही. पी. ची सोय केली. पुस्तकाच्या पाठीमागें छापलेली किंमत आणि तिच्यापुढें ‘ट. ख. निराळा’ हीं अक्षरें मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाचीं आहेत. दूरच्या गांवचा वाचक एक कार्ड टाकी आणि पोस्टमन पुडकें घेऊन दारीं येई. किंमत छापली गेली म्हणजे ती एका माणसाला सांगितलेली राहत नाहीं, ती सर्वांना सांगितलेली होते. आणि छपाईंत खिळा चुकला तर ती चूकही सर्वांना एकदमच सांगितली जाते.

अशा वेळीं सूचिपत्रांतील किंमत हा विक्रीचा प्रस्ताव मानावयाचा कीं काय? १८९६ सालीं इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें एका आयकराच्या प्रकरणांत हा मुद्दा आला. रीम्स येथील लुई रोडरर या शॅम्पेनच्या पेढीचे लंडनमधील अडते तिचें किंमतपत्रक वाटीत असत. लॉर्ड हर्शेल यांनीं असें म्हटलें कीं, किंमतपत्रक म्हणजे प्रस्ताव नव्हे. तसें मानलें तर कोणींही कितीही बाटल्या मागितल्या तरी त्या पुरविण्याचें बंधन व्यापाऱ्यावर येईल, आणि त्याचा सांठा तर मर्यादित असतो. म्हणून किंमत छापणें हें गिऱ्हाइकाला दिलेलें निमंत्रण होय, मागणी नोंदवून प्रस्ताव करतो तो गिऱ्हाईक, आणि ‘होय’ म्हणण्याचा अधिकार राहतो दुकानदाराकडे. आज ऑनलाइन दुकानदार आपल्या बचावासाठीं ज्या तत्त्वाचा आधार घेतात तें हेंच. तें उत्पन्न झालें शॅम्पेनच्या बाटल्यांच्या संख्येवरून. किंमत चुकण्याशीं त्याचा मुळांत कांहीं संबंध नव्हता.

किमतीच्या चुकीचा धडधडीत खटला आला तो १९३९ सालीं. अर्जेंटिनांतील सशांच्या ३०,००० कातड्यांचा हा सौदा. या व्यापारांत भाव नगावर सांगण्याची वहिवाट होती, आणि उभय पक्षांचें आधींचें बोलणेंही नगावरच झालें होतें. अखेरच्या पत्रांत मात्र विक्रेत्यांनीं तोच भाव पौंडाच्या वजनावर लिहिला. एका पौंडांत सुमारें तीन कातडीं बसतात. तेव्हां किंमत एकदम एकतृतीयांशावर आली. घेणाऱ्या हार्टोगनें स्वीकार कळवून टाकला आणि माल न मिळाल्याबद्दल फिर्याद केली. न्यायमूर्ति सिंगल्टन यांनीं ती फेटाळली. त्या धंद्यांत मुरलेल्या माणसाला ही चूक दिसली नाहीं असें होऊंच शकत नाहीं, आणि समोरच्याची चूक ओळखून तिच्यावर झडप घालणाऱ्याला करार झाला असें म्हणतां येणार नाहीं, हा त्या निकालाचा गाभा. किंमत फार कमी होती येवढ्यावर तो निकाल उभा नव्हता. घेणाऱ्याला काय ठाऊक होतें यावर तो उभा होता. पुढील सर्व इतिहास या एका भेदावर फिरतो.

आपल्याकडे १८७२ सालचा करार कायदा आजही लागू आहे, आणि त्याची भाषा चुकलेल्या विक्रेत्याला इंग्लिश न्यायालयांइतकी अनुकूल नाहीं. दोन्ही पक्षांची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली असेल तर करार निरर्थक, असें त्याचें विसावें कलम सांगतें. परंतु वस्तूच्या मोलाबद्दलची चुकीची समजूत ही अशी चूक नव्हे, अशी पुस्तीही त्याला जोडलेली आहे. बाविसावें कलम तर स्पष्टच आहे : केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली येवढ्या कारणानें करार रद्द करतां येत नाहीं. वरवर पाहतां, रात्रीं मागणी नोंदविणाऱ्या गिऱ्हाइकाचा हा मोठाच आधार. परंतु त्याच कायद्याचें तेरावें कलम म्हणतें कीं, दोघांनीं एकच गोष्ट एकाच अर्थानें मान्य केली तरच संमति झाली. समोरच्याला किंमत निराळीच अभिप्रेत होती हें ज्याला पक्कें ठाऊक होतें, त्याला ‘दोघांची संमति एकाच अर्थानें होती’ असें तोंड वर करून सांगतां येत नाहीं. बाविसाव्या कलमाचा आसरा म्हणून अजाण गिऱ्हाइकालाच खरा, जाणत्याला तो फारसा नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत स्वतः माल उचलून घेण्याचीं दुकानें निघालीं. लंडनजवळ एजवेअर येथील बूट्सच्या औषधांच्या दुकानाविषयीं १९५३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, फळीवरची बाटली उचलतांना विक्री होत नाहीं, ती पैसे घेण्याच्या मेजापाशीं होते. वाद होता विषारी औषधांच्या विक्रीवर औषधतज्ज्ञाची देखरेख असण्याचा. पण त्यांतून एक मोलाची गोष्ट निघाली. सौदा पक्का होण्याच्या आधीं दुकानाच्या बाजूचा एक माणूस वस्तु पाहतो, चिठ्ठी पाहतो, आणि ‘अहो, ही किंमत चुकली आहे’ असें म्हणण्याची संधि त्याला मिळते. ऑनलाइन दुकानानें हाच माणूस काढून टाकला. मागणी घेणारें यंत्र, पैसे घेणारें यंत्र, आणि ‘निश्चित झाली’ असा निरोप धाडणारेंही यंत्रच. खर्च वांचला, वेळ वांचला; परंतु दोन शून्यें गळलीं तर तें पाहून दचकणारें कोणी उरलें नाहीं. ही काटकसर दुकानदारानें आपण होऊन, आपल्या फायद्यासाठीं केलेली आहे, हें चुकीचा भार कोणावर घालावा याचा विचार करतांना विसरतां कामा नये.

पहिलीं प्रकरणें ब्रिटनमध्यें गाजलीं. १९९९ सालीं आर्गॉस या दुकानाच्या संकेतस्थळावर २९९ पौंड ९९ पेन्सचा दूरदर्शन-संच २ पौंड ९९ पेन्सला लागला. मागण्यांचा पाऊस पडला आणि दुकानानें त्या मानण्याचें नाकारलें. जानेवारी २००२ मध्यें कोडॅक कंपनीचा ३२९ पौंडांचा कॅमेरा १०० पौंडांना दिसूं लागला. येथें मात्र गोष्ट निराळी होती. तीन पौंडांचा दूरदर्शन-संच पाहून कोणालाही शंका येईल. शंभर पौंडांचा कॅमेरा हा ‘खास सवलत’ या नांवाखालीं सहज खपून जातो. शिवाय कंपनीच्या यंत्रानें गिऱ्हाइकांना मागणी पक्की झाल्याचे निरोप धाडले होते. कंपनीनें प्रथम नकार दिला. गिऱ्हाइकांनीं एकमेकांशीं संधान बांधून न्यायालयाची वाट धरण्याची तयारी केली, आणि अखेर कंपनीनें त्याच भावांत कॅमेरे दिले. न्यायालयीन निकाल न होतांही या प्रकरणानें दुकानदारांचे वकील जागे झाले. तेव्हांपासून विक्रीच्या अटींत एक वाक्य जिकडे तिकडे दिसूं लागलें : मागणीचा निरोप ही केवळ पोंच आहे, स्वीकार नव्हे, करार होतो तो माल रवाना झाल्यावर. पैसे मात्र पुष्कळदां पोंच देण्याच्या आधींच घेतलेले असतात.

या साऱ्या प्रश्नाची खरी चिकित्सा झाली ती सिंगापूरमध्यें. तेथील डिजिलँड कंपनी आपल्या संकेतस्थळांवर संगणकाचें साहित्य विकत असे. ८ जानेवारी २००३ रोजीं तिचा एक कर्मचारी सहकाऱ्यांना किमती भरण्याचें काम शिकवीत होता. शिकविण्यापुरता लिहिलेला ६६ हा आंकडा चुकून खऱ्या संकेतस्थळावर गेला, आणि ३,८५४ सिंगापूर डॉलरचा एच. पी. लेझर प्रिंटर ६६ डॉलरला मिळतो असें जगाला दिसूं लागलें. पांच दिवस कोणाच्याही लक्षांत आलें नाहीं. १३ जानेवारीच्या सकाळीं चूक उघडकीस आली तोंवर ७८४ जणांनीं १,००८ मागण्यांत ४,०८६ प्रिंटर मागविले होते, आणि यंत्रानें त्या सर्वांना खरेदी यशस्वी झाल्याचे निरोप इमानेंइतबारें पोंचते केले होते.

कंपनीनें माल देण्याचें नाकारलें, तेव्हां सहा जण न्यायालयांत गेले. हे एकमेकांच्या ओळखीचे, सुशिक्षित, व्यवहार जाणणारे तरुण. कायद्याचें शिक्षण घेतलेलेही त्यांत होते. त्या सहांनीं मिळून १,६०६ प्रिंटर मागविले होते. संकेतस्थळावरील भावानें त्यांची किंमत १,०५,९९६ डॉलर, आणि खऱ्या भावानें ६१,८९,५२४ डॉलर. खटल्याची सुनावणी करणारे व्ही. के. राजा यांच्यापुढें त्या रात्रीचा सगळा वृत्तांत आला. मध्यरात्र उलटल्यावर एका मित्रानें दुसऱ्याला संगणकावरून निरोप धाडला, दुसऱ्यानें तिसऱ्याला उठविलें. कांहींनीं लगोलग शोध करून त्या यंत्राची खरी किंमत पाहिली, विकून किती नफा होईल याचा हिशेब मांडला, आणि पहांटेपर्यंत मागण्या नोंदविल्या. हे सगळे निरोप संगणकांत जसेच्या तसे राहिले होते. कंपनीचें यंत्र चुकलें खरें, परंतु फिर्यादींनाही त्यांच्याच यंत्रांनीं तोंडघशीं पाडलें.

एप्रिल २००४ चा राजा यांचा निकाल गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें दोन्ही अंगांनीं वाचण्याजोगा आहे. यंत्रानें पाठविलेला निरोप हा कंपनीचाच निरोप होय, आणि मागणी व तिचा स्वीकार अशा रीतीनें करार जुळतो, हें त्यांनीं मान्य केलें. ‘तें तर यंत्र बोललें, आम्ही नव्हे’ ही पळवाट त्यांनीं बंद केली. परंतु फिर्यादींना चूक पक्की ठाऊक होती, आणि ती चूक पदरांत पाडून घेण्यासाठींच त्यांनीं मागण्या केल्या, असा निष्कर्ष काढून करार शून्यवत् ठरविला. जानेवारी २००५ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें हा निर्णय कायम केला. समोरच्याला चूक प्रत्यक्ष कळली असेल तर करार मुळांतच नाहीं. केवळ ती कळावयास हवी होती असें असेल तर तेवढ्यानें करार मोडत नाहीं, त्याच्या वागण्यांत कांहींतरी गैर असल्याचेंही दिसलें पाहिजे, असा बारीक भेद त्या न्यायालयानें केला. त्या भेदांतच सामान्य गिऱ्हाइकाचा हक्क दडलेला आहे.

या खटल्याची आठवण काढतांना सहसा त्या सहा जणांच्या लोभाचेंच वर्णन होतें, आणि तें स्वाभाविकही आहे. परंतु आंकड्यांची थोडी वजाबाकी केली तर निराळेंच चित्र दिसतें. सहांचे १,६०६ प्रिंटर काढून टाकल्यावर उरलेल्या ७७८ जणांनीं मिळून २,४८० मागविले होते. म्हणजे माणशीं सरासरी तीन-सव्वातीन. त्यांतही कोणीं पुष्कळ मागविले असतील, तेव्हां घरासाठीं किंवा कचेरीसाठीं एकच प्रिंटर मागविणारे थोडेथोडके नसावेत. त्यांतल्या एखाद्याला प्रिंटरची किंमत मुळींच ठाऊक नसेल, जुना सांठा काढून टाकीत असतील असें त्याला वाटलें असेल. त्याचा प्रश्न न्यायालयापुढें नव्हता. दुकानदार मात्र मागण्या रद्द करतांना हे दोन प्रकारचे लोक वेगळे काढीत नाहीं; पहांटे हिशेब मांडणाऱ्याला आणि भोळेपणानें एक वस्तु मागविणाऱ्याला तो एकाच मजकुराचा निरोप धाडतो. लोभी माणसाविरुद्ध मिळालेला निकाल निरपराध माणसाच्या तोंडावर फेंकला जातो, येथें खरा अन्याय होतो.

जर्मनीचा मार्ग या बाबतींत अधिक समंजस वाटतो. तेथील न्यायालयापुढें आलेल्या प्रकरणांत २,६५० युरोची नोंद केलेला लॅपटॉप संगणकीय आज्ञावलींतील दोषामुळें संकेतस्थळावर २४५ युरोला लागला होता. मागणी झाली, स्वीकार झाला, एवढेंच नव्हे तर माल घरपोंच झाला. त्यानंतर दुकानदाराच्या ध्यानांत चूक आली. २६ जानेवारी २००५ रोजीं तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें दुकानदाराला करार मोडण्याचा अधिकार आहे असें ठरविलें. ऐकतांना हा निकाल गिऱ्हाइकाला प्रतिकूल वाटतो. परंतु १९०० सालापासून अंमलांत असलेल्या जर्मन दिवाणी संहितेंत या अधिकाराला दोन वेसणी आहेत : चूक कळतांच अकारण विलंब न लावतां तसें कळविलें पाहिजे, आणि त्या करारावर विसंबून दुसऱ्याचें जें नुकसान झालें असेल तें चुकणाऱ्यानें भरून दिलें पाहिजे. चूक ओळखणाऱ्या किंवा ओळखूं शकणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र ही भरपाई मिळत नाहीं. कौटिल्यानें व्यापाऱ्याला एकच रात्र कां दिली असेल, याचें उत्तर या जर्मन कलमांवरून कळूं शकतें. युरोपीय संघाच्या २००० सालच्या निदेशानें ऑनलाइन दुकानदारावर मागणीची पोंच विनाविलंब देण्याचें, आणि मागणी धाडण्यापूर्वीं गिऱ्हाइकाला आपली चूक पाहून दुरुस्त करण्याची सोय ठेवण्याचें बंधन घातलें. दुकानदाराच्या स्वतःच्या चुकीसाठीं मात्र तेथें काहीं वेगळी तजवीज नाहीं.

हिंदुस्थानांत गिऱ्हाइकाच्या हक्काची चळवळ उभी राहिली तींत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. १९७४ सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत स्थापिली. पुढल्याच वर्षीं मुंबई ग्राहक पंचायत निघाली. १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि कोर्टाची पायरी चढावयास भिणाऱ्या माणसाला तक्रारीचें एक सोपें दार मिळालें. इकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालीं आला. त्याच्या अकराव्या कलमानें, एखाद्यानें आंखून दिलेल्या यंत्रणेनें आपोआप धाडलेला संदेश हा त्याचाच संदेश मानला, आणि पुढें घातलेल्या कलम १०-अ नें केवळ विद्युतमार्गें झाला म्हणून करार अग्राह्य ठरणार नाहीं असें सांगितलें. सिंगापूरच्या न्यायाधीशांनीं जें मान्य केलें, तें आपल्या कायद्यांतही लिहिलेलें आहे.

त्याची कसोटी ओडिशांत लागली. डिसेंबर २०१४ मध्यें कायद्याच्या एका विद्यार्थ्याला ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला. त्यानें एकच मागविला. मागणी पक्की झाल्याचा निरोप आला, आणि सुमारें दोन तासांनीं किमतींतील अडचणीचें कारण सांगून ती रद्द झाल्याचें त्याला कळविण्यांत आलें. विद्यार्थ्यानें ग्राहक मंचाकडे तक्रार केली. प्रकरण राज्य आयोगापर्यंत गेलें, आणि जानेवारी २०२१ मध्यें आयोगानें निकाल दिला : जाहिरात करून मागणी घेतल्यावर आणि ती पक्की केल्यावर करार पुरा झाला, तो असा मोडतां येणार नाहीं. जिल्हा मंचानें दिलेली रक्कम आयोगानें वाढविली. भरपाई म्हणून ३०,००० रुपये, दंडादाखल १०,००० आणि खर्चाचे ५,००० देण्याचा आदेश दिला. हार्टोगच्या खटल्याचा निकष लावला असता तर १९० रुपयांच्या लॅपटॉपविषयीं तीव्र वाद झाला असता यांत संशय नाहीं. आयोगानें वजन दिलें तें दुकानदाराच्या जाहीर शब्दाला आणि त्याच्या सेवेंतील उणिवेला. सवलतींच्या जाहिरातींनीं गिऱ्हाइकाची ‘अशक्य भाव’ ओळखण्याची शक्ति बोथट करावयाची, आणि अंगाशीं आलें म्हणजे त्याला ‘हें तुम्हांला कळावयास हवें होतें’ म्हणावयाचें, हा दुटप्पीपणा आपल्या आयोगांना मानवत नाहीं, असें यावरून वाटतें.

२०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानें जुन्या कायद्याची जागा घेतली. तो जुलै २०२० मध्यें अंमलांत आला. वाजवी कारणावांचून एकाच पक्षाला करार संपविण्याची मुभा देणारी अट ही ‘अनुचित करारा’ची खूण होय, असें त्यांत म्हटलें आहे, आणि अशा कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे व राष्ट्रीय आयोगाकडे दाद मागतां येते. ‘माल रवाना होईपर्यंत आम्ही बांधलेले नाहीं’ या सर्वत्र आढळणाऱ्या अटीची परीक्षा या कलमाखालीं होऊं शकते. त्याच महिन्यांत आलेल्या ई-वाणिज्य नियमांत आणखी एक तरतूद आहे : मागणी पक्की झाल्यावर गिऱ्हाइकानें ती रद्द केली म्हणून त्याच्याकडून शुल्क घ्यावयाचें असेल, तर दुकानानें एकतर्फी मागणी रद्द केली असतांना तसेंच शुल्क त्यानेंही सोसलें पाहिजे. तरतूद समतोल दिसते, पण तिला मोठें भोंक आहे. जें दुकान गिऱ्हाइकाकडून असें शुल्क घेतच नाहीं, त्याला स्वतः मागणी रद्द करतांनाही या नियमाखालीं कांहीं द्यावें लागत नाहीं. आणि वस्तु न मिळाल्यानें गिऱ्हाइकाला ती दुसरीकडून चढ्या भावानें घ्यावी लागली तर त्याचा विचार या नियमांत नाहीं. तो विचार आयोगापुढेंच करून घ्यावा लागतो.

तेथें जाण्याची वाट आतां पूर्वींपेक्षां जवळची आहे. दुकानाची कचेरी कोठेंही असली तरी गिऱ्हाइकाला आपण राहतों तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पडद्यावरची किंमत दुकानदार घटकेंत पुसून टाकतो आणि मागाहून ती कोणाला दाखवितां येत नाहीं. म्हणून आयोगापुढें वजन पडतें तें किंमत दिसत असतांना घेतलेल्या चित्राला, पैसे भरल्याच्या पावतीला, आणि मागणी निश्चित झाल्याच्या त्या पहिल्या निरोपाला. आणि तो निरोप आल्यापासून रद्द झाल्याची वर्दी येईपर्यंत किती वेळ गेला, हेंही त्या दोन निरोपांच्या तारखा-वेळांवरूनच आयोगाला पाहतां येतें.